लागलेला अंगठा निघत नाही

निवृत्त होऊन सात महिने झाले, तरी मोबाइलवर कोणी पिवळा अंगठा पाठवला की माझ्या कपाळावरची शीर उठते. ‘येताना कोथिंबीर आण’ असं मी सुनेला लिहिते आणि ती खाली अंगठा लावून मोकळी होते. मी लगेच फोन करून विचारते, म्हणजे आणणार आहेस का नुसतं वाचलंस? तिला वाटतं, सासूबाई चिडक्या आहेत. आहेच मी चिडकी. एकतीस वर्षं लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून देणाऱ्या बाईचा स्वभाव मोरावळ्यासारखा कसा राहील? पण अंगठ्याचं कारण वेगळं आहे. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात एका अंगठ्यापायी रऊफभाई नावाच्या भल्या माणसाची सव्वीस वर्षांची नोकरी जायची वेळ आली होती. तो अंगठा कारखान्यात आणला मी. आणि तो काढून द्या म्हणून हा माणूस वेळेत माझ्याकडे आला, तेव्हा त्याला झापून परत पाठवलं तेही मीच.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण घरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी आधी चिकलठाण्याच्या जुन्या प्लांटला होते, शेंद्र्याला नवा झाला तेव्हा तिकडं गेले. खातं आयटीचं. लोकांच्या डोळ्यांपुढं लगेच पुण्यातली काचेची इमारत आणि गळ्यातला पट्टा येतो. कारखान्यातलं आयटी म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमटीनं ओढून काढणं, विसरलेले पासवर्ड बदलून देणं, आणि नेट चालत नाही म्हणणाऱ्याच्या टेबलाखाली वाकून त्याच्याच पायानं सुटलेली वायर परत लावणं. शहराचं नाव बदललं तेव्हा एकूण एक माणसाच्या मेलखालचा पत्ता बदलायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. सगळं नीट चालू असेल तर आम्ही कोणाला दिसत नाही. बिघडलं की पहिला फोन आम्हाला, आणि तोही नेमका डबा उघडल्यावर.

आलेल्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायची, हा माझा स्वतःचा नियम होता. कोणी केला, किती वाजता केला, काय म्हणाला, मी काय केलं, आणि शेवटी एक शब्द: ‘बंद’. तक्रार मिटली, विषय संपला. तो शब्द टाइप करताना मला फार बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की कधी कधी तक्रार मिटायच्या आधीच मी तो टाइप करायची.

आता छोटे साहेब. मालकांचे चिरंजीव, बाहेर शिकून आलेले, वागायला अगदी अदबशीर. पण दर सोमवारी त्यांना एक कल्पना सुचायची आणि मंगळवारी ती माझ्या टेबलावर यायची. अशाच एका मंगळवारी त्यांनी मला त्यांच्या मेलची यादी दाखवली. त्यांनी पाठवलेली एक मेल, आणि तिच्याखाली रांगेनं ‘ओके सर’, ‘नोटेड सर’, ‘थँक यू सर’. कामाची मेल त्या ढिगाऱ्यात सापडायची नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते म्हणाले, आपल्या मेलमध्ये इमोजीची सोय आलेली आहे, आपल्याकडं फक्त ती चालू करायचीय. लोकांनी उत्तर न लिहिता मेलखाली एक अंगठा लावायचा, मामला खतम.

‘फक्त’ या शब्दानं सुरू झालेलं एकही काम माझ्या आयुष्यात वेळेत संपलेलं नाही.

चालू करणं मात्र खरंच सोपं होतं. प्रशासकाच्या पानावर एक बटण असतं, ते दाबायचं आणि खाली ‘जतन करा’ म्हणायचं. पण ही सोय सगळ्यांपर्यंत पोचायला पुरा एक दिवस लागतो. एकाच्या मेलमध्ये सकाळी हसरा चेहरा दिसायला लागतो, शेजारच्याच्या मेलमध्ये संध्याकाळी. त्या एका दिवसात मला आलेले फोन म्हणजे पंगतीत शेजारच्या पानात जिलबी पडली आणि आपल्या पानात नाही, अशा आवाजातले. आम्ही काय कमी महत्त्वाचे आहोत का, असंही एकानं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, जिलबी येतेय, हात वर करून बसू नका.

मग मी परिपत्रक काढलं. इंग्रजीत, नऊ मुद्द्यांचं. मराठीत काढलं असतं तर लोकांनी वाचलं असतं, हे आज कळतंय; तेव्हा वाटलं, इंग्रजी असलं की वजन पडतं. ते सगळ्यांच्या सामाईक पत्त्यावर पाठवलं आणि पुढच्या दहा मिनिटांत माझे दोन्ही फोन वाजायला लागले. लोकांनी पहिला अंगठा माझ्याच परिपत्रकावर लावायला घेतला होता आणि तो लागत नव्हता. कारण सामाईक पत्त्यावर आलेल्या मेलला अंगठा लागतच नाही. वीसपेक्षा जास्त माणसांना गेलेल्या मेललाही लागत नाही. हा माझ्याच परिपत्रकातला चौथा मुद्दा होता. प्रत्येकाला मी तो फोनवर वाचून दाखवला आणि प्रत्येक जण म्हणाला, पण मॅडम, तुम्हीच तर चालू झालं म्हणालात.

स्टोअरमधल्या पंडितरावांचं दुखणं निराळंच. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल वाचायचा जुनाच प्रोग्राम होता आणि त्याला अंगठा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यामुळं कोणी अंगठा लावला की पंडितरावांना त्याची वेगळी मेल यायची: अमुक अमुक यांनी प्रतिक्रिया दिली आहे. मेल कमी करायला काढलेल्या या सोयीनं त्यांच्या मेल तिप्पट झाल्या. ते माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. म्हणाले, भीक नको पण कुत्रा आवर. आमचे गेटवरचे सुरक्षा अधिकारी सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या रिपोर्टवर छोट्या साहेबांनी अंगठा लावला तर ते थेट माझ्या टेबलापाशी सावधानमध्ये येऊन उभे राहिले आणि साहेबांनी आपल्याला ठेंगा का दाखवला, याचा खुलासा मागायला लागले. त्यांना समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली.

पण सगळ्यांत जास्त फोन एकाच गोष्टीचे: चुकून लागला, काढून द्या. बोटं जाड, फोनचा पडदा लहान. खरेदी विभागातल्या एकानं स्वतःच्याच बदलीच्या मेलवर टाळ्या वाजवल्या. आता नियम असा की अंगठा लावल्यावर खाली ‘मागे घ्या’ असं पाच सेकंद दिसतं. तेवढ्यात दाबलं तर निघतो. नंतर तो कायमचा. लावणाऱ्यालाही काढता येत नाही आणि मलाही नाही. ही पाच सेकंदं वाढवून तीस करता येतात, पण ते ज्यानं त्यानं आपापल्या मेलमध्ये करायचं असतं. हा सहावा मुद्दा. आख्ख्या कारखान्यात तो दोघांनी अमलात आणला: एक मी, आणि दुसरे छोटे साहेब, तेही मी करून दिलं म्हणून.

सातवा मुद्दा छोट्या साहेबांनी स्वतः घातला होता. अंगठा म्हणजे मान्य. वेगळ्या उत्तराची वाट पाहू नये.

या सगळ्या गदारोळात तक्रार न करणारा एकच माणूस होता, मेंटेनन्सचे इनचार्ज रऊफभाई. शहागंजचे राहणारे, कारखान्याच्या बसनं सगळ्यांच्या आधी येणारे, आणि मशीनला हात न लावता नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे. त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं, एक हिरवं आणि एक लाल. ती त्यांच्या लॉगबुकसाठी. मेंटेनन्सचं लॉगबुक म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पाळीची माणसं त्यात लिहून जातात: कुठलं मशीन थांबलं, कुठं तेल गळतंय, कोणाला काय हवंय. रऊफभाई सकाळी आले की ओळ न् ओळ वाचायचे आणि प्रत्येक ओळीपुढं हिरवी टिक करायचे. त्या टिकेचा अर्थ फक्त एवढाच की वाचलं. करा म्हणून सांगायचं असेल तर खाली पूर्ण नाव लिहून सही आणि वेळ. आणि एखादी ओळ धोक्याची वाटली तर तिला टिक नाहीच, तिच्याभोवती लाल गोल. त्याचा अर्थ, पुढच्या पाळीच्या माणसानं बाकी सगळं सोडून हे आधी बघायचं. टिक म्हणजे डोळा, सही म्हणजे हात, असं ते नव्या माणसांना शिकवायचे. चिकलठाण्यापासूनची ही पद्धत. मेंटेनन्सच्या लोकांना ती पाठ होती आणि वरच्या मजल्यावर ती कोणालाच माहीत नव्हती.

अंगठे चालू झाल्यावर दोन दिवसांनी रऊफभाईंनी मला मुद्दाम फोन केला. म्हणाले, बहोत बढिया काम केलं मॅडम, आता मेलमध्येबी टिक आली. मला इतकं हायसं वाटलं की काही विचारू नका. एक तरी माणूस खूष होता. टिक म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय, हा एक प्रश्न विचारायला हवा होता. मी थँक यू म्हणाले, फोन ठेवला आणि नोंदीत लिहिलं: अभिप्राय चांगला. बंद.

त्यानंतरचा गुरुवार. प्रेस शॉपमध्ये चार नंबरची प्रेस दुपारपासून सारखी थांबत होती. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. तिच्या तोंडाशी किरणांचा एक न दिसणारा पडदा असतो. माणसाचा हात त्यात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. त्या पडद्याचा सेन्सर बिघडला होता, त्यामुळं हात नसतानाही ती थांबायची. नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी येणार होता आणि माल त्याच दिवशी जायचा होता. प्रेस शॉपच्या पाळीचे इनचार्ज गायके यांनी दोन वाजून आठ मिनिटांनी रऊफभाईंना मेल केली. आधी सेन्सरची सगळी हकिकत, आणि अगदी शेवटच्या ओळीत प्रश्न: पडदा तात्पुरता बंद ठेवून, सावकाश, आजचा माल पूर्ण करू का?

रऊफभाईंनी ती मेल दोन मशीनच्या मधल्या वाटेत उभ्या उभ्या मोबाइलवर उघडली. सेन्सरच्या पहिल्या ओळी वाचल्या आणि सवयीनं टिक केली, म्हणजे अंगठा लावला. मग सावकाश वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले. आणि त्यांनी मला फोन लावला.

माझ्यापुढं डबा उघडा होता. सकाळपासून ‘चुकून लागला’ वाल्यांचे फोन घेऊन माझ्या नाकी नऊ आले होते.

“मॅडम, एका मेलला टिक लागून गेली. निकाल दो ना जरा. तिथं गोल पाहिजे होता.”

“रऊफभाई, लागलेला अंगठा निघत नाही. परिपत्रकात लिहिलंय.”

“मग त्यात लाल गोल कुठं असतो?”

“ते काय तुमचं लॉगबुक आहे का? राहू द्या आता. एका अंगठ्यानं काही आभाळ कोसळत नाही.”

ते म्हणाले, “ठीक है मॅडम. मैं जाके बोलता.”

मी नोंद केली. रऊफभाई, दोन वाजून चौदा मिनिटं. अंगठा काढायचा आहे. काढता येत नाही, समजावले. बंद. आणि पोळीचा घास घेतला.

कोणती मेल, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. तेही सोडा, माझ्या कामातली पहिलीतल्या पोराला सुचेल अशी गोष्ट होती: अंगठा निघत नसेल तर खाली उत्तरात ‘नको’ असं लिहून पाठवा. दोन अक्षरं. गायकेंना ती लगेच दिसली असती. लोकांना उत्तरं लिहू नका असं सांगण्यात मी त्या आठवड्यात इतकी गुंतले होते की उत्तर लिहिता येतं हेच विसरले.

रऊफभाईंनी प्रेस शॉपचा फोन लावून पाहिला. तिथल्या दणदणाटात तो कोणाला ऐकू जाणार? ते चालत निघाले, तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडल्याचा भोंगा झाला. कॉम्प्रेसर बंद म्हणजे अर्धा कारखाना बंद. पाच मिनिटांचं काम म्हणून ते तिकडं वळले, आणि वीस मिनिटं लागली. ते वळायला नको होतं, हे त्यांनी चौकशीत स्वतःहून सांगितलं. इकडं गायकेंनी मेलवर अंगठा पाहिला. माझं नऊ मुद्द्यांचं परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारा आख्ख्या कारखान्यात एकच माणूस निघाला, आणि तो गायके. अंगठा म्हणजे मान्य. त्यांनी पडदा बंद करून प्रेस चालू केली.

प्रेसवर भागवत होता, शेंद्रा गावातलाच. घरची थोडी शेती आणि कारखान्यात पाळी, असं करणारा. अडकलेला पत्रा सोडवायला त्यानं रोजच्या सवयीनं हात आत घातला. पडदा असता तर प्रेस थांबली असती. रऊफभाई कॉम्प्रेसरकडून धावत आले ते ओरडा ऐकूनच. प्रेस हातानं उलटी फिरवून वर घ्यायची युक्ती तिथं त्यांनाच येत होती. भागवतची बोटं तुटली नाहीत, पण तीन बोटांची हाडं मोडली. दीड महिना प्लास्टर. हात वाचला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशी समिती बसली. छोटे साहेब, प्लांटचे प्रमुख आणि एचआरचे बोर्डे साहेब. मला बोलावून त्या मेलची छापील प्रत मागितली, अंगठ्याच्या वेळेसकट. अंगठा दोन वाजून दहा मिनिटांनी. प्रेस चालू दोन पंचवीसला. कागदावर सगळं लख्ख होतं. रऊफभाईंना घरी बसवलं आणि पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस पाठवली. नोकरीवरून का काढू नये, हे आठ दिवसांत लेखी कळवा. त्यांनी उत्तरात टिक, डोळा, सही, हात, सगळं लिहिलं, आणि चार मिनिटांत आयटीला फोन केला होता हेही लिहिलं. बोर्डे साहेबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, असा काही फोन आला होता का?

मी म्हणाले, बघून सांगते.

बघायचं काय होतं? नोंद माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती, मीच टाइप केलेली, आणि तिच्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. निवृत्तीला माझं वर्षही उरलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत मला एकही मेमो मिळालेला नव्हता. त्या नोंदीत रऊफभाईंची सुटका होती आणि माझी लक्तरं होती. मी एक अख्खा दिवस नुसता काढला. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, आणि हे लिहायला बसले ते त्याच दिवसासाठी.

दुसऱ्या दिवशी भागवत रजेचे कागद द्यायला आला होता. गळ्यात हात अडकवलेला. एचआरमध्ये काम झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला. मी खुर्ची पुढं केली, पण बसला नाही.

“मॅडम, रऊफभाईला काढनार हायेत व्हय?”

मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

“त्यायची चूक नाय. माझा हात त्यायनीच भायेर काढला. लई जीवाचा मानूस हाय.” मग माझ्या कॉम्प्युटरकडं हनुवटीनं दाखवत म्हणाला, “तुमच्या ह्याच्यात समदं लिवलेलं राहतं म्हनत्यात. मंग बघा की त्याच्यात.”

त्याला नोंदीबद्दल काहीही माहीत नव्हतं. तो आपला सरळपणानं म्हणाला आणि निघून गेला. मी उठले, मेंटेनन्सच्या खोलीत गेले आणि लॉगबुक मागून घेतलं. पानामागून पानं हिरव्या टिका. सह्या मोजक्या, लाल गोल त्याहून मोजके. त्या गुरुवारच्या पानावर दुपारी कोणीतरी लिहिलं होतं: प्रेस चार, पडदा खराब. त्याच्याभोवती लाल गोल होता, इतका दाबून काढलेला की मागच्या पानावर उमटला होता. बाजूला वेळ, दोन पन्नास. म्हणजे भागवतला दवाखान्यात पाठवल्यावर रऊफभाईंनी आधी हे काम केलं होतं.

वही आणि माझ्या नोंदीचा छापील कागद मी समितीपुढं ठेवला. आधी टिक म्हणजे काय, सही म्हणजे काय, ते पानं उलटून दाखवलं. मग माझी नोंद वाचून दाखवली, ‘बंद’ या शब्दापर्यंत. छोट्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “मॅडम, मी परवा विचारायला सांगितलं होतं. हे तेव्हाच का नाही दिलंत?”

“कारण यात माझं नाव आहे,” मी म्हणाले.

सातवा मुद्दा कोणाचा होता, हे मी बोलले नाही. त्यांनीच बोर्डे साहेबांना तो लिहून घ्यायला सांगितला, स्वतःच्या नावासकट. एवढं मला त्यांचं मानायला पाहिजे.

रऊफभाई कामावर परत आले. त्यांना लेखी ताकीद मिळाली, गायकेंना मिळाली, आणि मला मेमो मिळाला. परवानगी विचारणारी मेल असेल तर उत्तर शब्दांतच द्यायचं, मान्य किंवा अमान्य, आणि खाली नाव, असा नवा नियम झाला. अंगठे बंद करायचं ठरलं. बटण परत मीच दाबलं, आणि ते बंद व्हायलाही पुरा एक दिवस लागला. त्या दिवसभर लोक एकमेकांना अंगठे लावतच होते, आणि संध्याकाळी फोन आले की अंगठा दिसेनासा झाला, चालू करून द्या. पण आधी लावलेले अंगठे बटण बंद केलं तरी जात नाहीत. गायकेंच्या त्या मेलखाली तो अजूनही आहे.

रऊफभाई समोर आले की मी हवापाण्याचं बोलायची. मी खोटं बोलले नव्हते, पण ‘बघून सांगते’ म्हणाले होते, आणि त्यांना ते कळलं होतं. ते नेहमीसारखेच, सलाम मॅडम म्हणून पुढं जाणारे. त्यामुळंच माझी जीभ उचलायची नाही. शेवटी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. मेल नाही, कागदावर, हातानं. एक पान. कोणती मेल हे मी विचारलं नाही, हे लिहिलं. ‘नको’ लिहून पाठवा हे सांगायला सुचलं नाही, हे लिहिलं. तक्रार न ऐकताच मी ‘बंद’ लिहून टाकते, हे लिहिलं. एक दिवस गप्प बसले, त्याचीही माफी मागितली. शिपायाच्या हाती पाठवायचा धीर झाला नाही. स्वतः जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

निरोपाच्या दिवशी, हारतुरे झाल्यावर, रऊफभाई माझ्या जागेपाशी आले आणि तोच कागद घडी उलगडून पुढं केला. एक ओळ सोडून प्रत्येक ओळीपुढं हिरवी टिक. खाली पूर्ण नाव, सही, तारीख, वेळ. आणि मधल्या त्या एका ओळीभोवती लाल गोल. ‘तक्रार न ऐकताच मी बंद लिहून टाकते’ ही ती ओळ.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सही केलीत, म्हणजे माफ केलंत ना? मग हा गोल कशाला?

“गोल तुमच्यासाठी नाय मॅडम,” ते म्हणाले. “तुमची पाळी खतम झाली. गोल पुढच्या पाळीवाल्यासाठी असतो.”

मी तो कागद घरी आणला नाही. माझ्या जागी येणाऱ्याच्या टेबलावर, फोनच्या शेजारी, काचेखाली ठेवून आले.